सिनॉप्सिसच्या आधी मुलांना भेटा : मेंदूला इजा झालेल्या मुलांसोबत पुनर्वसनाचं संशोधन कसं आखायचं

ऑगस्टमधला शनिवार, संध्याकाळचे साडेपाच. कॉलेज रोडच्या मागच्या एका अभ्यासिकेत मी ६ मुलं जमवली होती. सगळ्यांच्या मेंदूला कधी ना कधी इजा झालेली. कोणी दुचाकीवरून पडलेलं, कोणी गच्चीवरून, एकीला मेंदूज्वर झालेला. माझ्या हातात २ तासांचा कार्यक्रम, १४ पानांची प्रश्नावली आणि प्रोजेक्टर. शेजारच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला सातपूरचा १५ वर्षांचा मुलगा कानांवर हात ठेवून बाकावर आडवा झाला. नाशिकमध्ये जन्म काढून ऑगस्टच्या संध्याकाळी ढोल वाजणार हे मला सुचू नये! त्याची आई माझी माफी मागत होती. खरं तर मी त्यांची मागायला हवी होती.

मी फिजिओथेरपिस्ट. पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘डोक्याला मार लागलेल्या मुलांचं शाळेत परतणं’ हा विषय घेतला होता. मुलांना संशोधनाच्या आखणीत घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं; कसं घ्यायचं ते माहीत नव्हतं आणि सांगणारंही कोणी भेटलं नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच आपल्या म्हसरूळला, त्यामुळे नाशकात प्रबंध लिहिणाऱ्यांची वानवा नाही. तुम्ही त्यांतले असाल, संस्थेत काम करत असाल किंवा शाळेत विशेष शिक्षक असाल, तर माझ्या चुका तुम्ही पुन्हा करायचं कारण नाही.

१. आधी एक फरक पक्का करा

संशोधनात ‘सहभागी’ असणं म्हणजे तुम्ही त्या मुलाची चाचणी घेणार, व्यायाम देणार, आकडे लिहून घेणार. ‘आखणीत’ असणं म्हणजे प्रश्न कोणता घ्यायचा, काय मोजायचं, किती वेळा बोलवायचं, हे ते मूल तुमच्यासोबत ठरवणार. दुसऱ्या भूमिकेत ते सल्लागार असतं, तुमचा पेशंट नसतं. आमच्या गटातल्या मुलांना ‘पेशंट’ हा शब्द मुळीच चालत नव्हता. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर, ‘पेशंट आम्ही दवाखान्यात. इथे नाही.’

दुसरा फरक आजाराचा. मेंदूला झालेली इजा म्हणजे जन्मानंतर झालेली: अपघात, पडणं, मेंदूज्वर, लहानपणीचा पक्षाघात, पाण्यात बुडून प्राणवायू कमी पडणं, गाठीची शस्त्रक्रिया. सेरेब्रल पाल्सी (जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत राहणारा दोष) यात सहसा धरत नाहीत, पण थेरपी सेंटरच्या यादीत दोन्ही मुलं शेजारी शेजारी असतात. गट करताना मी ती सरमिसळ टाळली. कारण साधं आहे. इजा झालेल्या मुलाला ‘आधीचा मी’ आठवतो. तो क्रिकेटमध्ये ओपनिंगला जायचा, आता स्कोअर लिहायला बसतो. त्याचे प्रश्न त्या आठवणीतून येतात.

२. प्रश्न पक्का होण्याआधी जा

इथे सगळेच अडकतात, कारण सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाचा आराखडा जमा करायची, तारीख डोक्यावर असते. गाईड म्हणतात, ‘आधी सबमिट कर, मग मुलांना भेट.’ तसं केलंत तर मुलांकडे ठरवायला उरतं काय? माहितीपत्रकाचा रंग.

माझा मूळ प्रश्न असा होता: ८ आठवड्यांच्या तोल सांभाळण्याच्या व्यायामाने चालणं सुधारतं का? मोजमाप ठरलेलं, ६ मिनिटं चालण्याची चाचणी. ३० मीटरचा सरळ, मोकळा कॉरिडॉर, त्यात मूल ६ मिनिटांत किती अंतर कापतं ते लिहायचं. हे मी दुसऱ्या बैठकीत चित्र काढून समजावलं. इंदिरानगरची १३ वर्षांची मुलगी चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘ताई, शाळेत मोकळा कॉरिडॉर असतो का कधी?’

मग सगळेच बोलू लागले. सपाट जमिनीवर चालता येतं, त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मधल्या सुटीची घंटा झाली की जिन्यात एकदम ५० पोरं येतात, पाठीवर दप्तर, मागून धक्का, त्यात मैत्रीण काहीतरी विचारते. उत्तर द्यायला जावं तर पायरी चुकते, पायरी बघावी तर उत्तर राहून जातं. दोघं जण मधल्या सुटीत वर्गातच बसून राहायचे. घरी हे कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, आणि माझ्या १४ पानांतही जिना हा शब्द नव्हता.

चालता चालता बोलणं, मोजणं किंवा ऐकणं, अशी दोन कामं एकदम करताना मेंदूला इजा झालेल्यांची गती आणि तोल घसरतो, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. त्याचा जिन्याशी संबंध मुलांनी लावला. मग चाचणी बदलली: खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, एकदा नुसतं आणि एकदा उलटे आकडे म्हणत. सोबत जिन्याच्या पायऱ्यांची वेळ. प्रबंधाचं शीर्षकही बदललं. गाईड आधी रागावले, पण जिन्याचा किस्सा ऐकून सही केली.

तेव्हा हिशेब असा करा: सिनॉप्सिसच्या किमान ३ महिने आधी पहिली भेट. तितका वेळ नसेल तर निदान ‘काय मोजायचं’ ही जागा कोरी ठेवून जा.

३. मुलं शोधणं

दवाखान्याचं रजिस्टर उघडून नंबर उतरवून घेऊ नका. ज्या डॉक्टरांनी किंवा थेरपिस्टनी उपचार केले त्यांनी आधी घरी फोन करावा, घरच्यांनी ‘चालेल’ म्हटलं की मगच तुमचा फोन जावा. दुसरा चांगला रस्ता म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतले तालुक्याचे विशेष शिक्षक. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडची मुलं मला त्यांच्यामुळेच भेटली. शहरातल्या ओपीडीत ती एकदा येतात आणि मग दिसत नाहीत.

निवडताना माझ्या हातून झालेल्या किंवा थोडक्यात टळलेल्या चुका:

- फक्त चुणचुणीत, बोलकी मुलं घेणं. बैठक छान होते, पण हाती काही लागत नाही. जिचे शब्द अडकतात, जो चिडतो, जो विसरतो, त्यांच्यासाठीच तर संशोधन आहे.
- ‘किरकोळ मार’ वगळणं. अपघातानंतरच्या शुद्धीच्या ३ ते १५ गुणांच्या मोजपट्टीवर १३ ते १५ आलं की इजा सौम्य म्हणतात. ती मुलं आठवड्यात शाळेत जातात, वरून काही दिसत नाही आणि सहा महिन्यांनी ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून बोलणी खातात.
- दिव्यांग प्रमाणपत्राची अट घालणं. दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, पण त्यात ‘मेंदूला इजा’ असं वेगळं नाव नाही. प्रमाणपत्र मिळतं ते चालण्यावर, बोलण्यावर, बुद्धीवर झालेल्या परिणामाचं. अनेकांकडे ते नसतंच.
- नुकताच अपघात झालेल्या मुलाला बोलावणं. घर अजून दवाखान्याच्या बिलात असतं. आम्ही वर्ष होऊन गेलेलेच घेतले.

थोडी मोठी मुलंही हवीत. लहानपणी झालेल्या इजेचे काही परिणाम उशिरा उघडे पडतात. नियोजन, संयम, निर्णय सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. चौथीत जे खपून जातं ते दहावीत अडतं. आमच्या गटात १९ आणि २१ वर्षांचे दोघे होते. त्यांच्याकडे बघून धाकटी मुलं बोलती झाली. एकूण ६ ते ८ जण पुरे. ८ बोलवा, एखाद-दुसरं गळतंच.

४. परवानग्या आणि कागद

सल्लागार मुलांवर तुम्ही प्रयोग करत नसलात तरी एथिक्स कमिटीला (संशोधनाची नैतिक बाजू तपासून मंजुरी देणाऱ्या समितीला) आधी लेखी विचारा. ‘ते सल्लागारच आहेत, परवानगी कशाला’ असं गृहीत धरलंत तर पुढे बैठकीतलं एकही वाक्य प्रबंधात वापरता येणार नाही. आमच्या कमिटीने ३ प्रश्न विचारले: मुलाला थांबायचं असेल तर ते कसं सांगणार, रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार, पैसे किती देणार. तिन्हींची उत्तरं अर्जातच लिहा, एक फेरी वाचेल.

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ची मुलांवरच्या संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा. ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी असेंट (म्हणजे मुलाचा स्वतःचा होकार), १२ ते १८ला लेखी असेंट, आणि दोन्ही बाबतींत पालकांची संमती वेगळी. आई ‘हो’ म्हणाली आणि मूल मान हलवत नसेल, तर उत्तर ‘नाही’ असं आम्ही धरलं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ६ अनेक संशोधकांच्या गावीही नसतं. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त संमती हवी आणि सरकारने नेमलेल्या दिव्यांगत्वविषयक संशोधन समितीची पूर्वपरवानगी हवी, असं ते सांगतं. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे असावेत, हेही त्यातच आहे. तुमच्या अभ्यासाला हे कसं लागू होतं ते एथिक्स कमिटीच्या सचिवांना पत्रानेच विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

एक सापळा खास सांगते. १८ पूर्ण झालेल्या तरुणाची सही वडिलांकडून घेऊ नका. आमचा २१ वर्षांचा मुलगा सही करायला ४ मिनिटं घेतो, हात थरथरतो. वडिलांनी सवयीने पेन उचललं. त्याने ते काढून घेतलं आणि ४ मिनिटं घेतली.

फाइलमध्ये हे ठेवा:

- बैठकीची १ पानी माहिती: साधं मराठी, मोठा टाइप, एका ओळीत एकच गोष्ट, सोबत चित्रं
- पालकांचं संमतीपत्र आणि मुलाचा असेंट
- फोटो आणि आवाज मुद्रणाची वेगळी संमती. मुख्य कागदात मिसळू नका
- ‘तुझं काम काय, किती वेळ, किती पैसे, कधी सोडता येईल’ सांगणारं पत्र, थेट मुलाच्या नावाने
- मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं पोलीस पडताळणी प्रमाणपत्र
- प्रत्येक मुलाचा आरोग्य कागद: औषधं, ॲलर्जी, फिट येते का, कोणाला फोन करायचा

शेवटचा कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नका, बैठकीच्या खोलीत हाताशी हवा. डोक्याला मार लागल्यानंतर काहींना फिट येतात, आणि फिट आली की जमलेल्यांतलं कोणी तरी कांदा किंवा चप्पल शोधायला पळतंच. तसं काही हुंगवायचं नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, घड्याळ लावायचं. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८. सुरुवातीलाच सगळ्या पालकांना हे सांगून टाका.

५. जागा, वेळ, गाडी

दवाखान्यात बैठक नको. फिनेलचा वास आला की दोन मुलं आधीच गप्प होत. तळमजला, ट्यूबलाइट न मिचकावणारी, पंखा न खडखडणारा, शेजारी एक रिकामी खोली जिथे चटई टाकून पडता येईल. खोली ठरवण्याआधी त्याच वारी, त्याच वेळी जाऊन १५ मिनिटं डोळे मिटून बसा. ढोल, शेजारचं मंगल कार्यालय, बोअरवेलची गाडी, सगळं ऐकू येईल.

वेळ रविवारी सकाळी १०. दुपारनंतर थकवा येतो, आणि हा थकवा झोप काढून जाणारा नसतो. मेंदूची बॅटरीच उतरते. तारखा धरताना घरांचं वेळापत्रक बघा. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची काढणी चालू असेल तर बाप मुलाला घेऊन येणार कसा? जुलै-ऑगस्टच्या पावसात पेठ रस्त्यावरचा सावळघाट पार करून तिकडच्या मुलीला आणायचं का, हाही प्रश्न स्वतःला विचारा. आम्ही त्या दोन महिन्यांत विशेष शिक्षकांच्या मदतीने तिच्या शाळेतच गेलो. आणि रंगपंचमीच्या आसपास नाशकात काही ठेवायचं नाही, हे सांगायला नको.

आठवणीसाठी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवा: ४ दिवस आधी, आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या तासभर आधी. मोठा मजकूर वाचला जात नाही, वाचला तर राहत नाही.

६. बैठक चालवणं

सव्वा तास, त्यात काम ५० मिनिटांचंच. माझी शेवटी बसलेली रचना अशी: १० मिनिटं पोहे-चहा, २० मिनिटं काम, १० मिनिटं पूर्ण शांतता, १५ मिनिटं काम, ५ मिनिटं पाणी, १५ मिनिटं काम आणि निरोप. एका बैठकीत एकच विषय. भिंतीवर मोठ्या कागदावर ‘मागच्या वेळी काय ठरलं’ चित्रांसह लावलेलं हवं. ते पाठ म्हणून घेऊ नका. विसरलेल्या मुलाला ‘आठवतंय ना?’ विचारणं म्हणजे भर वर्गात उभं करण्यासारखं आहे.

प्रत्येकाच्या हातात ३ कार्डं: हिरवं म्हणजे बोलायचंय, पिवळं म्हणजे हळू घ्या, लाल म्हणजे थांबा. लाल कार्डाचं कारण विचारायचं नाही. सुरुवातीला मुलं ते वापरायला लाजतात, म्हणून मी स्वतः एकदा लाल दाखवून ५ मिनिटं गप्प बसले. त्यानंतर लाजणं संपलं.

पालकांसाठी वेगळी खोली आणि वेगळा चहा. हा मुद्दा ताणून धरा. आया प्रेमापोटीच बोलतात, पण ‘त्याला ना, आवाज सहन होत नाही, हो ना रे?’ असं एकदा झालं की मुलगा उरलेला तासभर मान डोलवतो. दार उघडं ठेवा, आई दिसली पाहिजे, ऐकू मात्र येऊ नये.

प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात १० अंक मोजा. आपल्याला ३ सेकंदांची शांतता जड जाते आणि आपण दुसरा प्रश्न टाकतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलाच्या डोक्यात तेव्हा निम्म्या वाटेवर असतं. सुरगाण्याची मुलगी पहिल्या दोन बैठकांत एक शब्द बोलली नाही. घरी कोकणा बोली, इथे सगळ्यांचं शहरी मराठी, त्यात मेंदूज्वरानंतर शब्द सापडायला वेळ लागतो. समजत तिला सगळं होतं. तिसऱ्या वेळी तिला जिन्याचं चित्र काढायला दिलं. तिने जिन्याच्या खाली बाटली भरायचा नळ काढला आणि वर स्वतःला. तहान लागली तरी ती सुटीत पाणी प्यायला उतरत नव्हती.

आणखी एक. ‘हे चालेल का?’ असं विचारू नका. ताईला नाही म्हणायची आपल्या मुलांना सवय नाही, सगळे ‘चालेल’ म्हणतील. त्याऐवजी चुका शोधायला लावा. मी प्रश्नावलीच्या प्रती आणि लाल पेनं वाटली. ‘आज तुम्ही सर, तुम्ही मॅडम. तपासा.’ जन्मभर लाल शेरे खाल्लेल्या मुलांनी काय आनंदाने खोडाखोड केली! मला १० पैकी ३ गुण मिळाले. ‘गेल्या ४ आठवड्यांत तुम्हाला किती वेळा थकवा जाणवला?’ या प्रश्नावर सातपूरच्या मुलाचा शेरा होता, ‘काल काय जेवलो ते आठवत नाही, ४ आठवडे कुठून आणू?’

त्यातूनच टिकलीची कल्पना निघाली. व्यायाम केला की भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला हिरवी टिकली, थकून गेलो तर लाल. वही शोधावी लागत नाही, लिहावं लागत नाही आणि व्यायाम झाला की नाही हे विसरलं तरी भिंत सांगते. कल्पना इंदिरानगरच्या मुलीची, टिकल्यांचं पाकीट तिच्या आजीचं. आमच्या अभ्यासात व्यायामाची डायरी म्हणून जे लिहिलंय ते हेच.

साहित्य: कार्डं, जाड स्केचपेनं (बारीक पेन थरथरत्या हातात धरवत नाही), मोठे कागद, भिंतीवरचं काट्याचं घड्याळ, चटई, उशी, टोपी किंवा गॉगल, पाणी. प्रोजेक्टर घरी ठेवा.

७. पैसे

येण्याजाण्याचा खर्च, नाश्ता आणि प्रत्येक बैठकीचं मानधन, तिन्ही वेगळे. तज्ज्ञाला मानधन आणि मुलाला कंपासपेटी, हे बरं दिसत नाही. आम्ही मुलाचं मानधन आणि सोबत आलेल्या मोठ्या माणसाचा बुडालेला रोज धरून रक्कम ठरवली आणि कमिटीकडून आधी मान्य करून घेतली. प्रवासखर्च त्याच दिवशी रोख द्या. सुरगाण्याहून आलेल्या माणसाला ‘बिल पाठवा, महिन्याभरात मिळतील’ म्हणायचं नसतं. १० वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं चालवता येतं, तिथे मानधन जमा झालं तर त्याची मजा त्यालाही कळते. बँकेत एक फेरी मात्र पडते.

८. शाल-श्रीफळापासून सावध

तुमच्या कामाची बातमी झाली की कोणीतरी ‘या जिद्दी बालकांचा सत्कार करू’ म्हणत येईलच. आमच्याकडेही आलं. मुलांना एका कार्यक्रमात स्टेजवर बसवलं, हार घातले, भाषणं झाली, त्यांना बोलायला माईक मिळाला नाही. स्पीकर शेजारीच. दोघांचं डोकं रात्रभर दुखत होतं. मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी या विषयाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली मांडली. तिच्या खालच्या ३ पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, सजावट म्हणून बसवणं आणि नावापुरतं घेणं. या तिन्हींना हार्ट सहभाग मानतच नाहीत. त्या स्टेजवर आम्ही दुसऱ्या पायरीवर होतो.

आता कोणी आमंत्रण दिलं की मी आधी मुलांना विचारते, आणि माईक कितव्या मिनिटाला मिळणार ते आयोजकांना विचारते.

९. सांगितलेलं कुठे गेलं, त्याची वही

बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ साली मुलांचं म्हणणं ऐकण्याच्या ४ गोष्टी सांगितल्या: बोलायला जागा, बोलायला मदत, ऐकणारं कोणी आणि ऐकल्याचा परिणाम. पहिल्या तिन्ही आपण हौसेने करतो. चौथीसाठी एक वही घाला. तीन रकाने पुरतात: मुलांनी काय सांगितलं, आम्ही काय केलं, केलं नसेल तर का नाही.

‘का नाही’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मुलांना व्यायाम मोबाइलवरच्या गेममधून हवे होते. पैसेही नव्हते आणि स्क्रीनने दोघांचं डोकं चढायचं. हे मी तसंच सांगितलं. थोडी नाराजी झाली, पण पुढच्या बैठकीला सगळे आले. न सांगता गाळलं असतं तर आले नसते, असं २१ वर्षांच्या मुलाने मला नंतर ऐकवलं.

१०. रडू, राग आणि नकार

अपघाताबद्दल विचारायचं नाही, हा आमचा पहिल्या दिवसाचा नियम. तरी विषय निघतो. एकदा अंबडच्या मुलाने सांगितलं की गाडी मित्र चालवत होता आणि मित्र गेला. खोली थिजली. अशा वेळी बैठक थांबवा, त्याच्याजवळ एक माणूस, बाकीच्यांजवळ दुसरा. म्हणजे दर बैठकीला किमान दोन मोठी माणसं लागतात, आणि समुपदेशक कोण ते आधीच ठरलेलं लागतं. त्या क्षणी फोन नंबर शोधत बसू नका. संध्याकाळी घरी फोन करा आणि दोन दिवसांनी पुन्हा.

राग वेगळा. मेंदूच्या पुढच्या भागाला मार असेल तर चिडणं ताब्यात राहत नाही, पाच मिनिटांत ओसरतं आणि मग मूल शरमतं. त्याला समज देऊ नका. चटईची खोली त्यासाठीच आहे.

एका मुलाने चौथ्या बैठकीनंतर ‘मी येणार नाही’ असं कळवलं, कारण दिलं नाही. आम्हीही मागितलं नाही. त्याच्या नावाचं मानधन त्या तारखेपर्यंतचं पोचतं केलं.

११. निकाल घेऊन परत जा

प्रबंध जमा झाला की सगळे पांगतात. त्याआधीच एक तारीख धरून ठेवा. आम्ही निकालाचं १ पान केलं, ते मुलांनी तपासलं, ‘सांख्यिकीयदृष्ट्या’ हा शब्द त्यांनी खोडला. प्रबंधाच्या सुरुवातीला गटाचा उल्लेख करताना नावं छापायची की नाही हे प्रत्येकाला वेगळं विचारलं; तिघांनी हो म्हटलं, पालकांनीही सही केली, बाकीच्यांचा उल्लेख बिननावाचा.

त्या शेवटच्या भेटीत सातपूरच्या मुलाने पान उलटसुलट बघितलं आणि विचारलं, ‘मग आमच्या शाळेच्या जिन्याचं काय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन त्याच्या मुख्याध्यापकांना भेटायला गेले. तासभर बाहेर बसवलं. मग त्यांनी पान वाचलं, वर्गशिक्षिकेला बोलावलं आणि सांगितलं, ‘याला मधल्या सुटीला ५ मिनिटं आधी सोडत जा, सोबत एक मित्र.’ सोमवारी मुलाचा व्हॉइस मेसेज आला. मागे मैदानाचा गलका होता, त्यामुळे त्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही.